तुळाजी आंग्रे, ‘चांचे’ हा शब्द आणि न्याय्य युद्धाची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांतील वेळणेश्वर हें गांव समुद्राच्या एका शांत वांकणांत, नारळीपोफळींच्या आगरांत वसलेलें आहे. श्रीवेळणेश्वराचें देवालय किनाऱ्यालगत असून महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते. कोंकणांतील कित्येक कुळांचें हें कुलदैवत असल्यामुळें दूरदूरची मंडळी येथें येतात. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या स्थळाचें महत्त्व आणखी एका कारणानें वाटलें पाहिजे. गांवाच्या उत्तरेस गुहागर व त्यापलीकडे वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड. दक्षिणेस हेदवी व त्यापलीकडे शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. याहून उत्तरेस हर्णै येथें सुवर्णदुर्ग, याहून दक्षिणेस वाघोटण खाडीच्या मुखावर विजयदुर्ग. सन १७५५-५६ च्या ज्या युद्धांत तुळाजी आंग्र्याची सत्ता बुडाली, त्या युद्धाचीं दोन टोकें म्हणजे सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग. आणि वेळणेश्वरचा किनारा त्या दोहोंच्या दरम्यान पडतो.

हें युद्ध नानासाहेब पेशवे व मुंबईकर इंग्रज यांनीं मिळून केलें. तें शहाणपणाचें होतें कीं नाहीं, याचा ऊहापोह आजवर पुष्कळ झाला आहे. आपलें आरमार आपल्याच हातानें बुडविलें, असा दोष पेशव्यांस बहुतेक सर्व ग्रंथकार देतात. परंतु तें युद्ध न्याय्य होतें काय, हा प्रश्न निराळा आहे. शहाणपण परिणामावरून ठरतें. न्याय हा अधिकार, कारण, हेतु व आचरण यांवरून ठरतो. पराभूत पक्षहि न्याय्य असूं शकतो आणि जय मिळविणाराहि अन्यायी असूं शकतो. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार उपलब्ध साधनांच्या आधारें करावा, व तो आजच्या राष्ट्राराष्ट्रांतील झगड्यांस कितपत लागू पडतो तें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कसोटी कोणती लावावयाची तें ठरविलें पाहिजे. आपल्याकडे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत विषारी शस्त्रांचा निषेध आहे. शरण आलेला, निःशस्त्र वा युद्ध नुसतें पाहणारा यांस मारूं नये असें सांगितलें आहे. आणि जय अनिश्चित असल्यामुळें साम, दान व भेद हे उपाय थकल्यावरच युद्ध करावें, असा क्रम दिला आहे. कौटिल्यानें विजेत्यांचे तीन वर्ग केले आहेत. शत्रूनें नमतें घेतलें कीं संतुष्ट होतो तो धर्मविजयी. भूमि व द्रव्य घेतल्यावांचून ज्याचें समाधान होत नाहीं तो लोभविजयी. आणि भूमि, द्रव्य, बायकामुलें व प्राण हीं सर्वच हरण करतो तो असुरविजयी. पाश्चात्य परंपरेंत तेराव्या शतकांतील टॉमस अक्वायनस यानें न्याय्य युद्धास तीन अटी घातल्या : युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेली राजसत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतु. दोन्ही परंपरा एकमेकींस अपरिचित असूनहि त्यांचा रोख एकच आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या शास्त्राच्या इतिहासांतील एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष मनोरंजक वाटेल. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला, हें सर्वश्रुत आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून ज्याची गणना होते त्या ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताच्या ग्रंथाचेंहि असेंच झालें. १६०३ सालीं डच कप्तान हेमस्कर्क यानें सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ‘सांता कातारीना’ नांवाचें मालानें भरलेलें पोर्तुगीज गलबत धरलें. ही लूट न्याय्य कशी, हें सिद्ध करण्यासाठीं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें तरुण ग्रोशियसनें युद्धांतील लुटीच्या कायद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचें एकच प्रकरण १६०९ सालीं ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या लॅटिन नांवानें छापलें गेलें. बाकीचा ग्रंथ हस्तलिखितांतच राहिला. तें हस्तलिखित १८६४ सालीं हेग येथील एका लिलांवांत उघडकीस आलें, तेव्हां कुठें जगास कळलें कीं समुद्राच्या स्वातंत्र्याचें तें सुप्रसिद्ध प्रतिपादन मुळांत एका व्यापारी कंपनीचें वकीलपत्र होतें. म्हणून तें असत्य ठरत नाहीं. परंतु न्यायाची भाषा कोण, कोणत्या वेळीं व कोणत्या मालाकडे पाहून बोलतो, हें तपासलें पाहिजे, इतका धडा त्यापासून मिळतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांस सर्रास ‘चांचे’ म्हटलें आहे. हा शब्द केवळ शिवी नव्हे. त्याला कायद्याचा अर्थ आहे. चांचा हा सर्व मानवजातीचा शत्रु, त्याला दिलेलें वचनहि पाळण्याचें कारण नाहीं, असें रोमन काळापासून युरोपांत मानीत आले. अर्थात् ज्याला चांचा ठरविलें, त्याच्याशीं केलेल्या युद्धाच्या न्यायान्यायाचा प्रश्नच उरत नाहीं. कौटिल्यानेंहि चांच्यांच्या नौकांचा नाश करावा असें सांगितलें आहे. तेव्हां आंग्रे चांचे होते काय, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व इमारत उभी आहे.

याचें उत्तर इंग्रजांच्याच कृतींत सांपडतें. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाला. त्याची सरखेली मान्य झाली आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग इत्यादि दुर्ग त्याजकडे चालले. त्याच वर्षीं मुंबईकरांनीं कान्होजीशीं तह केला. चांच्याशीं कोणी तह करीत नाहीं. तह होतो तो सत्तेशीं. सर्वांत मोठा आक्षेप दस्तकांविषयीं असे. आंग्र्यांचें दस्तक न घेतां जाणारीं व्यापारी गलबतें ते धरीत. परंतु ही पद्धति आंग्र्यांनीं काढलेली नव्हे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आपले परवाने घेतल्यावांचून हिंदी गलबतांस समुद्रांत फिरूं देत नसत, आणि इंग्रजहि आपले परवाने देत असत. पोर्तुगीजांनीं केलें तर राजाधिकार, इंग्रजांनीं केलें तर व्यापाराचें संरक्षण आणि आंग्र्यांनीं केलें तर चांचेगिरी, असा भेद कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं. ग्रोशियसनेंच म्हटल्याप्रमाणें, एकादें राज्य अन्याय करतें एवढ्यावरून तें दरोडेखोरांची टोळी ठरत नाहीं.

मराठ्यांच्या बाजूचा या विषयावरील सर्वांत मोलाचा लेख म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ असून त्यांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेऊन चालणाऱ्या सावकारी तरांड्यांस उपद्रव देऊं नये. परमुलुखाचें गलबत कौलावांचून आढळलें तरी त्यावर एकदम हात न टाकतां दिलासा देऊन बंदरांत आणावें, त्याची खरेदीविक्री त्याच्या इच्छेनें होऊं द्यावी. शत्रूकडील गलबत धरलें तरी माल जतन करून सरकारांत लिहावें व आज्ञा येईल तसें वर्तावें, असा त्यांतील नियमांचा आशय आहे. आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेचीं आंब्याफणसाचीं झाडें तिच्या राजीखुशीवांचून व मोल दिल्यावांचून तोडूं नयेत, ही आज्ञाहि तेथेंच आहे. आणि किनाऱ्यावरील आगरांतून ज्यांचें पोट भरतें अशा वेळणेश्वरासारख्या गांवास ती आज्ञा केवढी मोलाची असेल, हें सांगणें नलगे. युद्धाची तयारी करतांनाहि न्याय पाळावयाचा असतो, ही जाणीव त्यांत स्पष्ट आहे.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. आज्ञा हा आचरणाचा पुरावा नव्हे. शिवाय आज्ञापत्र कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नांवें आहे, आणि कान्होजी त्यापूर्वींच शाहूमहाराजांकडे गेला होता. तेव्हां आंग्र्यांचे सरदार समुद्रावर या नियमांनीं बांधलेले होते असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. १७३५ सालीं संभाजी आंग्र्यानें इंग्रजांचें ‘डर्बी’ हें मोठें जहाज धरलें. १७५४ सालीं तुळाजीनें डचांच्या जहाजांचा फडशा पाडला. दस्तकाच्या नांवाखालीं जुलूम झालाच नसेल, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. परंतु जुलूम हा युद्धांतील अपराध. त्यानें अपराध्याचें सरखेलपण नष्ट होत नाहीं. सरखेल हा छत्रपतींच्या राज्याचा अधिकारी, व त्याचें आरमार हें त्या राज्याचें अंग. एवढें मान्य केलें कीं ‘चांचे’ हा शब्द गळून पडतो आणि युद्धाची तपासणी रीतसर करणें भाग पडतें.

आतां पेशव्यांची बाजू घेऊं. त्यांच्या मतें तुळाजी हा परशत्रु नव्हता. तो आज्ञा मोडणारा सरदार होता. तो सरकारदेणें देईना, स्वकीयांच्या मुलुखास उपद्रव देई, ताराबाईच्या पक्षाशीं त्याचें संधान असे. अशा सरदाराचें पारिपत्य करणें हा राज्याचा अधिकारच आहे, आणि हें कारण हलकें नाहीं. तुळाजीनें १७४५ सालीं सिद्दीपासून अंजनवेल घेऊन या किनाऱ्याची मोठी सेवा केली होती खरी. परंतु पूर्वीची सेवा ही पुढील बंडाची सनद होऊं शकत नाहीं. अधिकाराच्या बाबतींत मात्र शंका येते. सरखेलीचें पद छत्रपतींनीं दिलेलें. शाहूमहाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले, आणि त्यानंतर साताऱ्याची गादी नांवापुरती राहिली. एका सेवकानें दुसऱ्या सेवकास धन्याच्या नांवें दंड करावा, आणि त्या दंडासाठीं परकी सत्ता बोलवावी, हें अक्वायनसच्या पहिल्या अटीसहि नीट उतरत नाहीं आणि राजधर्मासहि उतरत नाहीं.

हेतूची परीक्षा तहाच्या कलमांवरून होते. १७५५ च्या मार्चांत कोंकणचे सरसुभेदार रामाजी महादेव व मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शियर यांच्या दरम्यान ठरावा झाला. दोन्ही आरमारें इंग्रजांच्या हुकुमांत चालावीं. आंग्र्याचीं धरलेलीं जहाजें निमेनिम वांटून घ्यावीं. किल्ल्यांतील तोफा व सामानसुमान मराठ्यांस मिळावें. बाणकोटचा हिंमतगड, तेथील नदीचा अंमल व पांच गांवें इंग्रजांस द्यावीं, अशीं त्यांतील मुख्य कलमें आहेत. हीं कलमें काळजीपूर्वक वाचणारास एक गोष्ट दिसून येईल. तुळाजीनें काय केलें म्हणजे युद्ध थांबेल, याचें कलमच नाहीं. त्यानें देणें द्यावें, स्वकीयांस उपद्रव देऊं नये, दस्तकांचा नियम बदलावा, असें कांहींहि मागितलेलें नाहीं. मागणीवांचून युद्ध म्हणजे सामावांचून दंड. पारिपत्याचा हेतु असता तर तहाच्या केंद्रस्थानीं तुळाजीचें वर्तन असतें; येथें केंद्रस्थानीं त्याचीं जहाजें व किल्ले आहेत. कौटिल्याच्या भाषेंत सांगावयाचें तर हा करार धर्मविजयाचा नसून लोभविजयाचा आहे.

आचरण पाहूं. एप्रिल १७५५ च्या आरंभीं कमोडोर विल्यम जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला व तो ठरल्याप्रमाणें मराठ्यांच्या हवालीं झाला. पाठोपाठ बाणकोटहि पडलें. पुढें रामाजीपंताच्या फौजेनें अंजनवेल वगैरे ठाणीं घेतलीं, व वेळणेश्वरच्या आसपासचा मुलूख तुळाजीच्या हातून गेला. त्यानंतर अॅडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह मुंबईस आले. त्यांचें सैन्य दक्षिणेंत फ्रेंचांवर योजलेलें होतें. फ्रेंचांशीं तहकुबी झाल्यामुळें तें मोकळें राहिलें व विजयदुर्गाकडे वळविलें गेलें. निघण्यापूर्वींच मुंबईस सभा भरून लुटीचे वांटे कोणास किती, हें ठरविण्यांत आलें. फेब्रुवारी १७५६ मध्यें आरमार विजयदुर्गापुढें आलें, तेव्हां तुळाजी बोलण्यासाठीं मराठ्यांच्या छावणींत गेला होता. म्हणजे सामाचा उपाय चालू असतांनाच तोफा सुरू झाल्या. आग लागून आंग्र्यांचें आरमार जळून गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. सुमारें १ लक्ष पौंडांचे रुपये व शिवाय मौल्यवान् जिन्नस सांपडले, असें इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो. मराठ्यांच्या फौजेस किल्ल्यांत येऊं दिलें नाहीं. लूट इंग्रज सैन्यांतच वांटली गेली. आणि किल्ला पेशव्यांच्या हातीं येण्यास ऑक्टोबर १७५६ चा नवा तह करावा लागला. त्या तहांत डचांस मराठ्यांच्या मुलुखांत व्यापार करूं देऊं नये, असें कलम इंग्रजांनीं घालून घेतलें. ज्या युद्धाचें समर्थन समुद्राच्या मोकळीकीनें केलें जात होतें, त्याचा शेवट एका प्रतिस्पर्ध्याचा व्यापार बंद पाडण्यांत झाला! तुळाजीनें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या निरनिराळ्या गडांवर कैदेंत काढलें.

येथवरच्या विवेचनावरून आमचा निर्णय असा होतो. पेशव्यांजवळ कारण होतें; परंतु अधिकार संशयित, हेतु मिश्र आणि साधन सदोष. इंग्रजांजवळ आपल्या धरलेल्या जहाजांबद्दल तक्रार करण्यास जागा होती. परंतु वांटे आधीं ठरवून, वाटाघाटी चालू असतां केलेली चढाई व ठराव्याविरुद्ध ठेवून घेतलेला किल्ला, हीं त्या तक्रारीच्या पलीकडचीं आहेत. तुळाजी निर्दोष नव्हता; पण तो चांचाहि नव्हता. आणि ‘चांचा’ हा एक शब्द वापरल्यामुळें वरील एकहि प्रश्न विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं, हें या युद्धाचें खरें मर्म आहे.

हा प्रश्न जुना म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. विजयदुर्ग पडल्यास बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, १८५६ सालीं, पॅरिसच्या जाहीरनाम्यानें युरोपांतील सत्तांनीं खाजगी गलबतांस लुटीचे परवाने देण्याची चाल बंद केली. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनें स्वसंरक्षण व सुरक्षा मंडळाची आज्ञा यांखेरीज राष्ट्रांनीं एकमेकांवर शस्त्र धरणें निषिद्ध ठरविलें. १९८२ च्या समुद्रविषयक करारांत चांचेगिरीची व्याख्या करतांना खाजगी हेतूनें खाजगी जहाजानें केलेला अत्याचार, अशी मर्यादा घातली आहे. आणि किनारी समुद्रांतून नुसतें जाण्याबद्दल परक्या जहाजावर पट्टी बसवूं नये असेंहि म्हटलें आहे. या व्याख्येनें पाहतां आंग्र्यांचें आरमार चांचेगिरींतून सुटतें, पण त्यांचें दस्तक मात्र बेकायदा ठरतें; आणि त्याबरोबर पोर्तुगीज व इंग्रज यांचे परवानेहि. न्यायाचा तराजू असाच सर्वांस सारखा असावा लागतो.

तरीहि नांव ठेवून मोकळें होण्याची जुनी खोड गेलेली नाहीं. सोमालियाच्या किनाऱ्यावर द्रव्यासाठीं जहाजें धरणाऱ्यांविरुद्ध २००८ सालीं सुरक्षा मंडळानें ठराव केला, व भारतानेंहि २०२२ सालीं चांचेगिरीविरोधी कायदा केला. तेथें खाजगी हेतु उघड होता. परंतु २०२३ च्या नोव्हेंबरापासून तांबड्या समुद्रांत येमेनच्या हूतींनीं व्यापारी जहाजांवर जे हल्ले केले, त्यांत प्रश्न पुन्हां कठीण झाला. ते आपणांस युद्धांतील एक पक्ष म्हणवीत. इतर त्यांस चांचे वा दहशतवादी म्हणत. यांत नांवाचा वाद कसाहि मिटो. शत्रूशीं संबंध नसलेलीं जहाजेंहि त्यांत सांपडलीं, १७५५-५६ च्या युद्धाशीं ज्यांचें साम्य नाहीं अशीं अस्त्रें त्यांत आलीं, आणि २०२४ च्या मार्चांत निरपराध खलाशी प्राणांस मुकले. या गोष्टींचा दोष त्यांस सत्ता म्हणा कीं चांचे म्हणा, तितकाच राहतो. उलट त्यांजवर अस्त्र धरणाऱ्यांसहि अधिकार, कारण, हेतु व आचरण यांविषयीं उत्तर द्यावें लागतें; समोरचा चांचा आहे, एवढें उत्तर पुरत नाहीं. न्याय्य युद्धाच्या जुन्या शास्त्राचा आज उपयोग असेल तर तो हाच : शत्रूच्या नांवाआड आपलें आचरण लपवूं न देणें.

स्मारकेंहि असाच वाद घालतात. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या जेम्सच्या विधवेनें १७८४ सालीं लंडनजवळच्या एका टेंकडीवर त्या दुर्गाच्या नांवाचा तीन बाजूंचा मनोरा बांधला. तो आजहि उभा आहे. इकडे स्वतंत्र भारताच्या नौदलानें मुंबई येथील आपल्या तळास १९५१ सालीं आंग्रे हें नांव दिलें. एकाचा चांचा तो दुसऱ्याचा सरखेल. दोन्ही स्मारकें प्रामाणिक असूं शकतात, परंतु दोहोंतलें एकहि पुरावा नव्हे.

पुरावा कागदांत आहे. आंग्र्यांच्या दस्तकांची अंमलबजावणी प्रत्यक्षांत कशी होई, धरलेल्या मालाची नोंद होई कीं नाहीं, सावकारास दिलासा मिळे कीं मार, याचा निकाल तात्त्विक चर्चेनें लागणार नाहीं. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, जयगड या पट्ट्यांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत कौलनामा, दस्तक, जकातीची पावती वा गलबताच्या मालाची याद असें एकादें चिठोरें निघालें, तर तें या लेखापेक्षां अधिक बोलेल. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, मोडी कागद निवडतांना तहनामे व सनदा यांजबरोबर असे क्षुल्लक दिसणारे व्यापारी कागदहि जपून ठेवावे. त्यांतील एकादा आमचा वरील निर्णय बळकट करील किंवा खोडून काढील. आणि दोन्ही प्रसंगीं आम्हांस आनंदच होईल.